कुलाब्याच्या वाळूवर उसवलेली फौज

आम्ही रचत असलेल्या युद्धखेळाच्या चौथ्या डावातही कुलाबा, म्हणजे अलिबागचा समुद्रातला किल्ला, पडला. मी फासा टाकला, सहा आले. भाऊंनी शिडीवाली सोंगटी तटावर सरकवली आणि आंग्र्यांच्या बाजूनं बसलेल्या सरांनी चष्मा काढून ओटीच्या कठड्यावर ठेवला. “असं झालेलं नाहीये. तुमचा खेळ खोटं बोलतोय.”

सर निवृत्त आहेत, इतिहास शिकवायचे. त्यांच्यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण डिसेंबर १७२१ मध्ये काय झालं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कुलाबा पडला नव्हता. इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघं मिळून आले आणि मार खाऊन गेले. मग आमच्या नकाशावर तो पुनःपुन्हा का पडत होता? त्याचा शोध घेण्यात आमचे दीडेक वर्षाचे रविवार गेले. त्याचीच ही हकिकत.

आधी घटना. कान्होजी आंग्रे सरखेल, म्हणजे मराठी आरमाराचे प्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं नाही हा त्यांचा हक्क, आणि मुंबईच्या इंग्रज कंपनीला तो अमान्य. चार्ल्स बून गव्हर्नर झाल्यापासून कंपनीनं १७१७ ला विजयदुर्गावर, १७१८ ला खांदेरीवर, १७२० ला परत विजयदुर्गावर हात घालून पाहिला. तिन्ही वेळा हात हलवत परत. १७२० च्या स्वारीसाठी तर मुंबईत ‘फ्राम’ नावाची तरंगती तोफांची नाव मुद्दाम बांधली होती. तिचाही उपयोग झाला नाही.

मग १७२१ मध्ये इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज मुंबईत आला. त्याला खरं तर मादागास्करच्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी धाडलं होतं. आल्या आल्या त्याचं आणि बूनचं वाजलं, कशावरून तर पहिली सलामी कोणी कोणाला द्यायची यावरून. तो राजाचा अधिकारी, हा कंपनीचा गव्हर्नर. तोफा उडायच्या आधीच पहिला टाका उसवला होता, हे आम्हाला फार उशिरा लक्षात आलं.

गोव्याच्या पोर्तुगीजांशी कंपनीनं करार केला. वाटाघाटीला गेलेला रॉबर्ट कोवान, जो पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला, तोच जमिनीवरच्या इंग्रज फौजेचाही म्होरक्या. पोर्तुगीजांकडून खुद्द व्हाइसरॉय फ्रान्सिस्को जोझे द सांपायु इ काश्त्रु आला, आणि वसई-चौलकडच्या मुलखाचा कारभार पाहणारा ‘उत्तरेचा जनरल’ही. सगळे मिळून सहा हजारांच्या आसपास माणसं. आता ही माणसं कोण, ते बघा. राजाच्या जहाजांवरचे खलाशी, ज्यांना वाळूत उतरवून शिड्या उचलायला लावल्या. कंपनीचे गोरे शिपाई. तोपास, म्हणजे पोर्तुगीज वळणाचे, टोपी घालणारे इथलेच ख्रिस्ती शिपाई. देशी शिपाई. गोव्याहून आलेली पोर्तुगीज पायदळ. चौल-वसईच्या ठाण्यांतून गोळा केलेले लोक. या सगळ्यांनी एकत्र कवायत केलेली नव्हती. महिनाभर आधी यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नसतील.

वॉरगेम खेळणाऱ्यांना अशा जुळवलेल्या फौजांचं भारी आकर्षण असतं. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन काम्फग्रुप हे त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण: रणगाडे, पायदळ, सुरुंगवाले, तोफा, जे हाताशी असेल ते एका अधिकाऱ्याच्या हाताखाली द्यायचं आणि बहुधा त्याच्याच नावानं हाक मारायची. खेळात हे सोपं पडतं. एका घरात तीन निरनिराळ्या सोंगट्या ठेवा, मिश्र फौजेचा फायदा म्हणून फाशात एक मिळवा, झालं. आमच्या पहिल्या मसुद्यातही हेच होतं. प्रत्येक सोंगटीवर दोन आकडे, हल्ल्याचा आणि बचावाचा, आणि पायदळ, तोफा, खलाशी एका घरात आले की अधिक एक. आता सहा प्रकारची माणसं घेऊन आलेल्या फौजेला हा अधिकचा फायदा सगळीकडेच मिळणार. कुलाबा पडणार नाही तर काय!

म्हणजे ज्या गोष्टीनं ही फौज खरी मोडली, त्याच गोष्टीचं बक्षीस आम्ही तिला देत होतो. काम्फग्रुपमधल्या रणगाडेवाल्यानं आणि पायदळातल्यानं एकाच सैन्यात, एकाच भाषेत, एकाच पद्धतीचं शिक्षण घेतलेलं असतं. तुकड्या नव्यानं जुळतात, सवयी आधीच जुळलेल्या असतात. अलिबागच्या वाळूवर सवयी जुळायला कोणाला वेळच मिळाला नव्हता.

हे कळायच्या आधी आम्ही एक चुकीचा रस्ता धरला होता. तोही सांगतो, कारण बरेच जण तोच धरतात.

हल्ल्याचा बेत असा होता: इंग्रजांनी शिड्या लावून किल्ल्यावर चढायचं आणि तोवर पोर्तुगीजांनी बाहेरच्या मराठी फौजेला थोपवून धरायचं. शिड्या लागल्या, काही माणसं चढलीही. तेवढ्यात बाहेरची मराठी फौज चालून आली, पोर्तुगीज रांग हटली, ते पाहून इंग्रजही मागं फिरले आणि माघारीत त्यांची माणसं आणि सामान दोन्ही गेलं. क्लेमेंट डाउनिंग हा इंग्रज या मोहिमेत होता. त्यानं १७३७ मध्ये छापलेल्या हकिकतीत सगळं खापर पोर्तुगीजांवर फोडलंय. मॅथ्यूज संतापून किनाऱ्यावर आला, उत्तरेच्या जनरलच्या अंगावर धावून गेला आणि हातातली छडी त्याच्या तोंडात खुपसली, व्हाइसरॉयलाही फार बरं वागवलं नाही, असं तो लिहितो. प्रसंग इतका रंगतदार आहे की वाचणारा नकळत मॅथ्यूजच्या बाजूनं होतो.

आम्हीही झालो. पोर्तुगीज सोंगट्यांचं मनोबल दोनानं कमी केलं. लगेच कुलाबा पडायचा थांबला आणि भाऊ खूश झाले. सर मात्र परत चष्मा काढून बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. हरलेल्या भागीदारांपैकी एकानं लिहिलेली साक्ष घेऊन दुसऱ्याला भित्रा ठरवायचं आणि ते आकड्यात कोरून ठेवायचं, हा काही इतिहास झाला नाही. शिवाय याच पोर्तुगीजांनी वसईला आणि चौलला पुढं किती चिवट लढत दिली, ते चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेबद्दल वाचलेल्या कोणालाही माहीत आहे. १७३९ ला वसई घेताना मराठ्यांची हजारो माणसं पडली. भित्र्यांचा किल्ला घ्यायला एवढी माणसं लागत नाहीत.

मनोबल परत होतं तेवढं केलं, आणि खेळ परत बिघडला.

या घडीला आमच्यात नाखवा आले. थळचे आहेत, होडी आता मुलगा चालवतो, संध्याकाळी ते किनाऱ्यावर फेरी मारतात. ओटीवरचा पसारा पाहून थांबले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग किल्ला आणि किनारा यांच्या मधल्या पांढऱ्या घरांवर बोट ठेवून म्हणाले, “हितं पानी कुठं हाय?”

नव्हतं. कुलाबा किनाऱ्यापासून दीडेक किलोमीटर आत समुद्रात आहे, ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. अलिबागला सहलीला आलेल्या शाळेच्या पोरालाही हे माहीत असतं. आम्ही इथं जन्मलेली माणसं, आणि नकाशावर समुद्र कायमचा आटलेला! नाखव्यांनी मग हिशोब सांगितला, जो या किनाऱ्यावर सगळ्यांच्या तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी चढतंही खूप आणि हटतंही लांबवर. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड हटत नाही, वाळू पुरती उघडी पडत नाही.

मी पाण्याचा नियम लिहिला. एक फेरी म्हणजे एक तास. डावाच्या सुरुवातीला हल्ला करणारा तिथी निवडतो, ती गुप्त ठेवत नाही, कारण आंग्र्यांच्या लोकांना पंचांग वाचता येत होतं. वाळू चारेक फेऱ्यांपुरती मोकळी. त्यानंतर जो मध्ये सापडेल तो ओल्या दारूगोळ्यानिशी सापडेल. उधाणाची तिथी घेतली तर वाळू लांबवर उघडी मिळते, पण पाणी परततं तेही जोरात. भांगाची घेतली तर तोफा आणि शिड्या गुडघाभर पाण्यातून ओढाव्या लागतात. भाऊंनी पहिल्याच डावात उधाण घेतलं आणि आपली अर्धी फौज किल्ल्याच्या पायथ्याशी बुडवली. नाखवा हसले नाहीत, पण चहा मात्र दोनदा मागितला.

पाण्यानं खेळ सुधारला, पण मूळ प्रश्न सुटला नाही. सावधपणे खेळलं तर मित्रपक्ष अजूनही जिंकत होता. फक्त उशिरा.

उत्तर सापडलं ते एका भांडणातून. भाऊ इंग्रज खेळत होते, मी पोर्तुगीज. आंग्र्यांची बाहेरची फौज दिसली तशी मी माझी रांग तंबूंकडं सरकवू लागलो. भाऊ ओरडले, “अरे, थांब की दोन फेऱ्या! मी चढलोच आहे!” मी म्हटलं, “तुम्ही चढलात हे मला कसं दिसणार? माझी पाठ किल्ल्याकडं आहे.”

सरांनी चष्मा लावला.

सगळं प्रकरण त्या वाक्यात होतं. इंग्रज जे करणार होते ते पोर्तुगीजांनी काही वेळ जागा धरण्यावर अवलंबून होतं, आणि पोर्तुगीजांना आपण नक्की किती वेळ धरायचं आहे, कशासाठी धरायचं आहे, ते यशस्वी होतंय की नाही, यातलं काही कळत नव्हतं. समोर उघड्या जागेत घोडदळ, मागं दुसऱ्याचा हल्ला. माझ्या सोंगट्यांचं मनोबल इंग्रजांइतकंच होतं, तरी मी हटलो. भीतीपोटी नाही. माझ्या जागेवरून पाहिलं तर हटणं शहाणपणाचं होतं.

तेव्हापासून सोंगट्यांवरचे आकडे आम्ही जवळजवळ काढून टाकले आणि सगळं लक्ष दोन तुकड्यांमधल्या सांध्यावर दिलं. नियम असा झाला. एका म्होरक्याच्या हाताखालच्या तुकड्या एकमेकींना हुकूम देऊ शकतात, फुकट. हुकूमाला सांधा ओलांडायचा असेल, म्हणजे मॅथ्यूजकडून कोवानकडं, कोवानकडून व्हाइसरॉयकडं, तर तो चिठ्ठीवर लिहायचा आणि पंचाकडं द्यायचा. पंच फासा टाकतो: चिठ्ठी याच फेरीत पोचते, पुढच्या फेरीत पोचते, की पोचते पण वेगळाच अर्थ घेऊन. प्रशियात १८२४ मध्ये राइसविट्झनं जो युद्धखेळ सैन्यासाठी आणला, त्यात हुकूम पंचामार्फत जायचे आणि पोचायला वेळ लागायचा. दोनशे वर्षांनी आम्ही फिरून तिथंच आलो. मिश्र फौजेचा अधिक एक रद्द. उलट, दोन वेगळ्या म्होरक्यांच्या सोंगट्या एका घरात आल्या तर उणे एक.

पंचाचं काम नाखव्यांनी घेतलं. चिठ्ठ्या ते इतक्या गंभीर चेहऱ्यानं वाचतात की लिहिणाऱ्यालाच आपण काही मूर्खासारखं लिहिलं का असं वाटतं.

एक नियम माझ्या फार जिवाचा होता, तो मतदानात उडाला. १७२१ साली इंग्रज जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत होते, पोर्तुगीज १५८२ पासूनच नवी ग्रेगोरियन. दोघांत अकरा दिवसांचं अंतर. एका छावणीतले दोन मित्र, आणि तारीख विचारली तर दोन उत्तरं. नाताळसुद्धा वेगवेगळ्या दिवशी! मला यावर खेळात एक पत्ता, म्हणजे प्रसंगाचं कार्ड, हवा होता. सर म्हणाले, एका छावणीत राहणारी माणसं तारखेचा घोळ पहिल्या दिवशीच मिटवतात, ही नुसती गंमत आहे, कारण नाही. बरोबर होतं. तरी तो पत्ता मी फाडलेला नाही, डब्याच्या तळाशी आहे.

मॅथ्यूजवर मात्र दोन पत्ते आहेत. हल्ल्याच्या आधी किल्ला न्याहाळायला गेला असता एका मराठी स्वारानं त्याच्या मांडीत भाला खुपसला. मॅथ्यूजनं घोडा त्याच्या मागं घातला, पिस्तुलं काढली, झाडली. आणि ती भरलेलीच नव्हती. खेळात हा पत्ता निघाला की मॅथ्यूजची चिठ्ठी एक फेरी उशिरा. दुसरा पत्ता छडीचा, आणि तो फक्त हरल्यावर निघतो. त्याचा डावावर काही परिणाम नाही, ज्याच्या हाती येतो तो तो वाचून दाखवतो एवढंच.

मॅथ्यूजचं पुढं काय झालं हे वाचून आम्हाला आमच्या नियमावर जरा भरवसा आला. १७४४ मध्ये तो भूमध्य समुद्रात इंग्लंडच्या ताफ्याचा ॲडमिरल होता. तुलोंजवळ फ्रेंच-स्पॅनिश ताफ्याशी लढाई झाली. त्याच्या हाताखालचा लेस्टॉक आपली जहाजं घेऊन मागंच राहिला. दोघांचं आधीपासून पटत नव्हतं. लष्करी न्यायालयात लेस्टॉक सुटला आणि मॅथ्यूजला नोकरीतून काढलं. इथं तर सगळे एकाच आरमाराचे, एकाच भाषेचे, वर्षानुवर्षं एकत्र. म्हणून सांधा दोन देशांतच असतो हे आम्ही नियमातून काढून टाकलं. दोन माणसांत असला तरी चिठ्ठी लागते.

आता मराठी बाजू, जी आम्ही सुरुवातीला एकजीव धरून चाललो होतो. ती एकजीव नव्हतीच. किल्ल्यात आंग्र्यांची शिबंदी. कान्होजींच्या नोकरीत युरोपीय गोलंदाजही असत. बाहेर सातारहून आलेलं घोडदळ, पिलाजी जाधवरावांचं, आणि नुकतेच, १७२० मध्ये पेशवे झालेले बाजीराव. वय एकवीस. आणि आंग्रे-पेशवे यांचा पूर्वेतिहास काही गोड नव्हता: याच कान्होजींनी शाहू महाराजांचा आधीचा पेशवा बहिरोपंत पिंगळे याला कैद केलं होतं, आणि १७१४ ला बाळाजी विश्वनाथांनी तह करून त्यांना शाहूंकडं वळवलं तेव्हा कुठं हे घर जुळलं. म्हणजे ही फौजही जुळवलेलीच, आणि हिच्यातही सांधे होते. मग ते का उसवले नाहीत?

यावर आमचं दोन महिने एकमत झालं नाही. भाऊंचं म्हणणं, घरचं मैदान, घरची माणसं. मला ते पुरेसं वाटत नव्हतं. घरच्या मैदानावर घरची माणसं कितीदा भांडलीत, ते आपल्याला माहीत आहे. शेवटी चिठ्ठ्या मोजल्या. मित्रपक्षाला एका डावात वीसेक चिठ्ठ्या लिहाव्या लागत. मराठी बाजूला दोन, फार तर तीन. शिबंदीचं काम किल्ला धरणं, मग बाहेर कोणी येवो न येवो. घोडदळाचं काम वाळूवर दिसणं, मग किल्ल्यात काही होवो. एकाचं काम दुसऱ्याच्या घड्याळावर चालत नव्हतं. सांधा होता, पण त्याच्यावर भार नव्हता.

याचीच दुसरी बाजू जानेवारी १७२२ ची. बाजीरावांनी पोर्तुगीजांशी वेगळा तह केला. इंग्रजांना धरून नव्हे, त्यांना बाजूला ठेवून. मोहीम तिथंच संपली, इंग्रज एकटे उरले आणि परत गेले. खेळात मराठी खेळाडूकडं ‘तह’ नावाचा एकच पत्ता असतो आणि तो फक्त पोर्तुगीज खेळाडूपुढं ठेवता येतो, इंग्रजाला न दाखवता. पहिल्यांदा हा पत्ता खेळला गेला तेव्हा मी पोर्तुगीज होतो. वाचला, खिशात घातला आणि भाऊंना म्हटलं, जरा चहाचं बघून येतो. त्यांना दोन फेऱ्यांनी कळलं. आठवडाभर त्यांनी माझा फोन घेतला नाही.

शेवटच्या बारा डावांत कुलाबा दोनदा पडला. दोन्ही वेळा मॅथ्यूज, कोवान आणि व्हाइसरॉय एकाच खेळाडूकडं होते, कारण त्या रविवारी माणसं कमी आली होती. सरांना हा आकडा चालला.

आता हेच नियम आम्ही दुसऱ्या प्रकरणावर लावून पाहतोय: फेब्रुवारी १७५६, विजयदुर्ग. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध जमिनीवरून पेशव्यांची फौज, समुद्रातून ॲडमिरल वॉटसनचा ताफा, त्यावर क्लाइव्हची माणसं. कुलाब्यासारखीच जुळवलेली मोट, पण ही जिंकली. माझी भीती अशी होती की आमचे नियम तिला हरवतील आणि मग सगळं पहिल्यापासून. तसं झालं नाही. वॉटसननं गडावर आणि आतल्या आरमारावर तोफा डागल्या, आंग्र्यांची जहाजं जळाली, आणि क्लाइव्ह किनाऱ्यावर उतरून गड आणि पेशव्यांची फौज यांच्या मध्ये उभा राहिला, तो पेशव्यांच्या माणसांना आत येऊ न देण्यासाठी. लुटीची वाटणी इंग्रजांनी निघण्याआधीच आपापसात ठरवली होती, त्यात पेशव्यांना वाटा नव्हता. मित्राला चिठ्ठीच लिहायची नाही, म्हणजे चिठ्ठी उशिरा पोचायचा प्रश्न नाही.

पहिल्या डावात पेशव्यांची बाजू नाखव्यांकडं होती. सहा फेऱ्या ते आपल्या सोंगट्या घेऊन गडाबाहेर बसून राहिले, कोणी हुकूम दिला नाही, कोणी काही विचारलं नाही. सातव्या फेरीला त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“मी ह्या डावात हाय का नाय?”